विरुद्ध कोण?

रत्नप्रभा लग्न होऊन वर्ध्याहून भोपाळला आली त्याच आठवड्यात भिंतीपलीकडचं भांडण तिच्या कानावर पडलं. कारखान्याच्या टाउनशिपमधली क्वार्टर्स म्हणजे दोन संसारांत एक भिंत. पलीकडे मालती आणि विश्वास राहत.

"प्रत्येक गोष्टीत तू माझ्या विरुद्ध," विश्वास म्हणत होता.

"विरुद्ध कुठे? मी नुसतं नाही म्हणाले."

"तेच ते."

"तेच कसं? विरुद्ध असते तर तुमचं वाईट चिंतलं असतं. मला फक्त तुमच्या आत्याबाई महिनाभर नकोत."

रत्नप्रभा कणकेचे हात तसेच ठेवून ऐकत राहिली. चौथी शिकलेली बाई. तिच्या माहेरी हा शब्द जेवणाच्या पानापुरता होता. दुधावर मुळा विरुद्ध, मध तापवला की विरुद्ध. तो माणसामाणसांतही असतो हे तिला नवंच होतं.

मग तो जिकडेतिकडे भेटायला लागला. रेडिओवर भारत विरुद्ध कोणीतरी खेळायचं आणि संध्याकाळी हात मिळवायचं. पुढे मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा त्याच्या पुस्तकात दिवसाच्या विरुद्ध रात्र निघाली, आणि त्या दोघांचं भांडण झालेलं काही कुणी ऐकलं नव्हतं. बिट्टन मार्केटच्या हाटात भाजीवाला म्हणायचा, "बहनजी, आप तो हमेशा हमारे खिलाफ रहती हो." वर मूठभर कोथिंबीर पिशवीत टाकायचा.

खरी गाठ पडली ती मंडळाच्या सभेत.

टाउनशिपमधल्या मराठी लोकांचं मंडळ होतं, त्याचा एक हॉल होता आणि हॉलच्या मागे एक खोली. त्या खोलीत सिंधूताई राहायची. नवरा कारखान्यात होता, तो गेला तसं क्वार्टर सोडावं लागलं. मंडळानं खोली दिली, तिथे ती एकट्या राहणाऱ्या पोरांना पोळीभाजीचे डबे करून द्यायची. आता अध्यक्ष दाणीसाहेबांच्या मनात आलं की तिथे पाहुण्यांसाठी खोली करावी. सिंधूताईला जायला जागा एकच, गावी दिराकडे, आणि दीर कसा आहे ते सगळ्या बायकांना ठाऊक होतं.

रत्नप्रभाचा नवरा अच्युत कारखान्यात दाणीसाहेबांच्याच हाताखाली. मोठ्या क्वार्टरसाठी त्याचं नाव पुढे जायचं होतं, ते साहेबांच्या एका शब्दावर अडलेलं.

"आज गप्प बसायचं," सभेला निघताना तो म्हणाला.

"मी कधी बोलले सभेत?"

"म्हणून तर आधी सांगतोय."

सभेत साहेब लोक खुर्च्यांवर, बाकीचे बाकांवर, बायका मागे सतरंजीवर. मंडळाची एक रीत होती. ठरावाच्या बाजूनं कोण हे कुणी विचारायचंच नाही. चिटणीस सुभाष विचारायचा, "विरुद्ध कोण?" आणि उत्तराची वाट न पाहता म्हणायचा, "एकमतानं मंजूर." मंडळ स्थापन झाल्यापासून एकही ठराव दुसऱ्या कशानं मंजूर झालेला नव्हता, आणि दाणीसाहेबांना त्याचा फार अभिमान.

खोलीचा ठराव वाचला गेला तेव्हा सिंधूताई दाराशी उभी होती. आत बसायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"विरुद्ध कोण?" सुभाष म्हणाला.

रत्नप्रभाच्या मुलाला विषमज्वर झाला तेव्हा याच दाणीसाहेबांनी जीप पाठवली होती. त्यांचं वाईट व्हावं असं तिच्या मनात कधीच नव्हतं. तरी हात वर गेला.

सुभाषनं चष्मा सारखा केला. "वहिनी, पाणी हवंय का?"

खुर्च्यांवर हसू उमटलं.

"पाणी नको. तुम्ही विचारलंत ना, विरुद्ध कोण? मी."

हसू थांबलं. मालती मान खाली घालून सतरंजीचा धागा ओढत बसली.

"अहो, मत क्वार्टरमागे एक असतं," सुभाष म्हणाला. "घरटी दोन हात नाही चालत."

तेव्हा दाणीसाहेब स्वतः अच्युतकडे वळले. "पोफळे, तुमच्या क्वार्टरचं काय मत?"

अच्युत उभा राहिला. मागे वळून त्यानं पाहिलं नाही. रत्नप्रभाला त्याची घामानं ओली झालेली पाठ तेवढी दिसत होती. वर केलेला हात अवघडला, तो तिनं दुसऱ्या हातानं धरला. पण खाली घेतला नाही.

"साहेब," अच्युत म्हणाला, "आमच्या क्वार्टरचा हात वर आहे." आणि बसला.

दुसरा हात कुणाचाच आला नाही. मोजून ठराव सहज मंजूर झाला असता. पण मग 'एकमतानं' म्हणता आलं नसतं, आणि ते दाणीसाहेबांच्या गळी उतरेना. "पुढच्या सभेत पाहू," ते म्हणाले. पुढच्या सभेत तो विषय कुणी काढला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

घरी आल्यावर अच्युतनं चपला नीट लावून ठेवल्या, एरवी कधी लावायचा नाही. "मोठं क्वार्टर गेलं, रत्ना."

"हो."

"साहेबांच्या विरुद्ध गेलीस."

"उद्या त्यांच्याकडे पुरणपोळ्या देऊन येते," ती म्हणाली.

"म्हणजे जखमेवर तूप."

ती खरंच देऊन आली. डबा चार दिवसांनी परत आला, स्वच्छ घासलेला आणि रिकामा. मराठी घरात त्याचा अर्थ कुणी समजावून सांगत नाही.

मोठं क्वार्टर मिळालं नाही ते नाहीच. दोन खोल्यांतच मुलं मोठी झाली, अच्युत निवृत्त झाला, मग भोपाळातच अवधपुरीत स्वतःचं घर झालं. सिंधूताई मात्र तिथेच राहिली. डबे वाढले, तिचे गुडघे गेले, आणि दर शनिवारी हाटातून तिच्या स्वयंपाकाची भाजी आणायचं काम रत्नप्रभानं आपल्याकडे घेतलं. अच्युत गेल्यावरही तिनं ते सोडलं नाही.

अशाच एका शनिवारी थंडी होती. सूनबाई म्हणाली, आज राहू द्या. ती गेलीच. भाजीवाल्याशी मेथीवरून वाद घातला, मिनीबसमध्ये एका कॉलेजच्या मुलीला उठवून जागा घेतली, मंडळाच्या मागच्या खोलीत जाऊन पिशवी ओट्यावर रिकामी केली.

"बसा, चहा टाकते," सिंधूताई म्हणाली.

"आज नको, बस चुकेल. मेथी आजच कर, उद्यावर टाकू नकोस."

पिशवी झटकून तिनं घडी घातली, काखेत धरली, आणि ती स्टॉपकडे निघाली.