पाहुण्याच्या मापाचा भात

आमच्या घरात तांदळाचे तीन डबे होते आणि माणसांच्याही तीनच प्रती. एरंडोल तालुक्यातलं आमचं गाव ज्वारी-बाजरीचं. भात म्हणजे आजाऱ्याचं, नाहीतर पाहुण्याचं खाणं. त्यामुळे कोणाला कोणता भात घालायचा हा प्रश्न चवीचा नव्हता, लायकीचा होता, आणि त्याचा निकाल वडील ओसरीवर बसून लावत.

मोठ्या पत्र्याच्या डब्यात रेशनचा, मधल्यात कोलम आणि फडताळाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, बिस्किटांच्या जुन्या डब्यात, धुळ्याहून आणलेला बासमती. आता पाहुण्यासमोर डब्याचं नाव कसं घ्यायचं? म्हणून वडिलांनी खुणेची भाषा ठरवली होती. "भात टाक वं," अशी हाक आली की रेशनचा. "दोन घास भात टाक वं," म्हणजे कोलम. आणि "पाव्हना जेवाले थांबी ऱ्हायनात वं," असं खणखणीत आलं की आईने स्टुलावर चढायचं. तलाठ्याला कोलम, कापसाच्या व्यापाऱ्याला बासमती. एकदा बँकेच्या साहेबाला बासमती घातला आणि महिन्याभरात त्याची बदली झाली. वडील कितीतरी दिवस हळहळत होते, आणि ते काही साहेबासाठी नव्हे.

माझ्या मामाला मात्र कायम पहिली हाक. मामा नवापूरकडचा, घरी भाताचं शेत असलेला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी झोके खेळायला माहेरी जातात आणि भाऊ त्यांना न्यायला येतो. तसा तो दरवर्षी यायचा. "भाताच्या गावचा माणूस, त्याला भाताचं काय कौतुक?" असं वडिलांचं तत्त्वज्ञान. खरं कारण साधं होतं. तलाठी रुसला तर सातबारा अडतो. बायकोचा भाऊ रुसून रुसून जाणार कुठे?

एका आखाजीला मामाने तोंडातला खडा काढून हळूच ताटाखाली सरकवला. आईने ते पाहिलं. तिचा चेहरा असा उतरला की मला वडिलांचा भयंकर राग आला. पण आमच्या घरात पोरींनी राग भांडी घासताना काढायचा असे, तो मी काढला.

पुढच्या वर्षी मी जळगावच्या कॉलेजातून सुटीला आले होते. मामा सकाळच्या एसटीने आला. ओसरीवर शेजारचे आबा सुपारी कातरत बसले होते. गावात वर्तमानपत्र दुपारी पोचायचं, आबा सकाळीच पोचायचे. मामाचं पाणी पिऊन झालं आणि वडिलांनी आत हाक दिली, "भात टाक वं!"

आई चुलीपुढून उठून दारात आली. "रेशनना तांदूय सरी गया."

पाहुण्यासमोर आमच्या घरात रेशनचं नाव पहिल्यांदाच निघालं होतं. वडील खाकरले.

"मंग दोन घास भात टाक वं."

"कोलमम्हा सोंडा पडनात."

मी मागे वळून पाहिलं. रेशनचा डबा निम्मा भरलेला होता आणि कोलमात सोंडाच काय, कुठलाच किडा औषधालाही नव्हता. जन्मात खोटं न बोललेली माझी आई दारात सरळ उभी होती.

"ऱ्हाऊ द्या दाजी, भाकर चाली," मामा बिचारा म्हणाला.

आबांचा अडकित्ता थांबला होता. आखाजीला बहिणीला न्यायला आलेल्या भावाला भाताशिवाय उठवलं, ही बातमी संध्याकाळपर्यंत शिवेपार गेली असती. वडिलांनी एकदा आबांकडे पाहिलं, एकदा आढ्याकडे.

"पाव्हना जेवाले थांबी ऱ्हायनात वं..."

"ते मी दखी ऱ्हायनू," आई म्हणाली. "तांदूय कोनता टाकू ते सांगा."

"बासमती!" वडील ओरडले. "बासमती टाक!"

आई स्टुलावर चढली. मामाच्या ताटात वाफाळता ढीग पडला, त्यावर वरण, वरून तुपाची धार. आबांनाही आग्रह करावा लागला आणि ते लगेच बसले. पोटभर जेवून मामा हात धुवायला उठला तेव्हा आईकडे बघून हसला. मला फार बरं वाटलं. वडिलांचं मात्र घास मोजण्यात जेवणाकडे लक्ष नव्हतं.

दुपारची बस चुकू नये म्हणून पुरुषांची पंगत उठताच आई जेवायला बसली. डब्यात किती उरला ते बघायला वडील आत आले आणि जागीच थांबले. टोपल्यातल्या भाकरींना तिने हात लावला नव्हता. ताटात नुसता भात होता आणि ती डोळे मिटून सावकाश खात होती.

"तुले भात आवडस?" त्यांनी विचारलं. सोंग नव्हतं ते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

"आखाजीले माहेरी कसाले जास मी?" आई म्हणाली. "झोका खेयाले?"

आणि पातेलं पुढे ओढून तिने उरलेला सगळा भात वाढून घेतला.