उशिरा घातलेलं खत

बागेतल्या रोपवाटिकेत सगळे तिला काकूच म्हणत. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, आणि जिभेला हाड नाही. पानगळ सुरू झाली की ती साऱ्या माळ्यांना दम भरायची, "खताच्या पाट्या आत ठेवा. झाडाला आता उपाशी राहू द्या." नव्या माणसाला मात्र नीट समजावायची. थंडीआधी झाड वाढ थांबवतं, कळ्या घट्ट मिटून घेतं, अंगातलं पाणी कमी करतं. उरलेला रस साखरेनं दाट होतो आणि सहजी गोठत नाही. खत मिळालं की नवी फांदी फुटते, आणि कोवळ्या फांदीत सगळं पाणीच. ते गोठलं की फांदी आतून फाटते.

त्याच काकूनं यंदा खत घातलं.

रस्तारुंदीकरणात चौकातलं जुनं झाड पाडलं होतं. त्या जातीचं दुसरं झाड गावात नव्हतं. त्याच्या बियांतून तिनं कुंड्यांत अकरा रोपं जगवली. काडीसारखी, आता पिवळी पडत चाललेली. पिवळं पडणं म्हणजे झाडाची झोपायची तयारी, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? पण बघताना जीव खालीवर व्हायचा. एवढ्याशा अंगानं ही थंडी कशी काढणार? एका दुपारी आसपास कोणी नाही असं बघून तिनं ओंजळ ओंजळ खत घातलं, वर पाणी.

त्यात हवाही उबदार राहिली. पंधरा दिवसांत पोपटी पालवी.

"काकू, पोरांनी बाळसं धरलंय हो!" मुकादम म्हणाला.

ती हसली नाही. तिनं रोपांना गोणपाट गुंडाळलं, बुंध्याशी पाचोळा रचला.

मग एका पहाटे जमीन गोठून दगडासारखी झाली.

सकाळी पालवी शिजवल्यासारखी काळी लोंबत होती. तिनं नखानं साल खरवडली. जीव असला तर खाली हिरवं दिसतं. तपकिरी. आणखी खाली, तपकिरीच. अकराव्या रोपाशी नख मातीला टेकलं.

"मुळातून फुटेल एखादं," मुकादम हलकेच म्हणाला.

"कुंडीतलं मूळ ते. जमिनीची ऊब कुठली त्याला?"

"काकू... यांना खत पडलं होतं का?"

"पडलं नव्हतं. मी घातलं."

"तुम्ही?"

"मला नाही बघवलं रे."

ती कुंड्या रिकाम्या करायला बसली. माती सुटेना. रोप धरून ओढलं, तर ते मधूनच तुटून हातात आलं.