पोथीतला राजपुत्र

एका श्रावणात मी पोथीतला मेलेला राजपुत्र जिवंत केला, आणि मग त्याचं काय करायचं ते मला कळेना.

तेव्हा लढाई चालू होती. माझा चुलतभाऊ शंकर पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेलेला, आणि उन्हाळ्यापासून त्याची काहीच खबर नव्हती. शिराळ्याजवळच्या आमच्या गावातून असे पुष्कळ गेले होते. काकीने, म्हणजे शंकरच्या आईने, सोप्यात पोथी लावली. वाचणारा मी. (सांगलीच्या कॉलेजात गेल्यामुळे जुन्या पोथ्यांचा आजच्या जगाला उपयोग नाही, हे मला नुकतंच कळलं होतं.)

वाचता वाचता लढाईचा अध्याय आला. त्यात कोवळा राजपुत्र रणात पडतो. समोर काकी, भोवती पलटणीतल्या पोरांच्या आया. माझा धीर होईना. मी राजपुत्राला नुसता जखमी केला, घरी आणला आणि घाईघाईने आरती उरकली.

दुसऱ्या दिवशी पंचाईत! पोथीत त्याची आई टाहो फोडत होती. तिला मी लेकासाठी खीर करायला बसवलं. बाप शोकाने वनात निघाला होता. त्याला शिकारीला धाडला. मग बायकोचा विलाप आला. तिला माहेरी पाठवली. आता राजवाड्यात राजपुत्र एकटाच खीर खात उरला. बाया गप्प ऐकत होत्या. मला वाटलं, सुखावल्या.

आरतीनंतर काकी मागे थांबली.

"त्यो मरतुया, ठावं हाय मला," ती म्हणाली. "दर साली ऐकतोय आमी."

"काकी, तुला वाईट वाटंल म्हणून..."

"आरं, शंकर जित्ता हाय म्हणून घरात रडाय येत न्हाई. अपशकुन हुतोय. हितंच तेवढं रडाय मिळतं. त्येबी तू बंद केलंस."

मला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी मागची पानं काढली आणि राजपुत्राला रीतसर मारला. बाया पदर तोंडाला लावून पोटभर रडल्या. काकी सगळ्यांत जास्त रडली, पण शंकरचं नाव तिने एकदाही काढलं नाही. मला मात्र पुढची ओवी दिसेना. मी असं भोकाड पसरलं, की शेवटी बायांनाच आपलं रडणं आवरून मला पाणी द्यावं लागलं.

शंकर परत आला नाही, तो पडल्याची तार तेवढी आली. पुढच्या श्रावणात काकीला रडायला कसलीच आडकाठी नव्हती, तरी तिने पोथी लावली. वाचायला मात्र शेजारच्या गावचे म्हातारे गुरव बोलावले.

"मी हाय की," मी म्हणालो.

"तू नगं. तू बायांत बस."

आणि मी, कॉलेजचा विद्यार्थी, निमूटपणे बायांत जाऊन बसलो.