आईचे लोकरीचे बूट आणि नारकंड्याची मोरी

बर्फात जायचं तर बूट कुठून घ्यावेत, हे मला आता इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच सविस्तर लिहून टाकते. देवळाली कॅम्पात जा, संध्याकाळी जा आणि माप घेणाऱ्या बाईंशी खोटं बोलू नका. यातलं तिसरं माझ्या आईला जमलं नाही.

ही २००४च्या जानेवारीतली गोष्ट. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पूर्वी चांदवडहून कांद्याचा ट्रक घेऊन पार सिमल्यापर्यंत जायचे. एकदा भर थंडीत सिमल्याच्याही पुढे नारकंड्याला, रस्त्याखालून पाणी जायला बांधलेल्या एका मोरीपाशी त्यांचा ट्रक दोन दिवस बर्फात अडकला. ती मोरी, शेजारचा देवदार, चहा पाजणारा टपरीवाला, सगळं आम्ही लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की मला तिथला रस्ता न जाताच पाठ होता. "तुला एकदा दाखवीन," असं ते आईला तीस वर्षं सांगत आले. मग आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. निदान डाव्या हातात तरी जोर राहावा म्हणून डॉक्टरांनी त्या हाताने चेंडू दाबायला सांगितला होता, तर ते तो पलंगाखाली सोडून द्यायचे. "आता काय व्हायचंय," एवढंच म्हणायचे.

पण एक दिवस त्यांनी आईला सांगितलं, "तू बघून ये." आई नको नको म्हणत राहिली आणि ते रोज तेच म्हणत राहिले. शेवटी माझ्या भावाने आणि वहिनीने आठ दिवस घर सांभाळायचं कबूल केलं आणि मी तिकिटं काढली.

आता बूट. आईने जन्मात कधी बंद पायताण घातलेलं नाही. देवळाली कॅम्पात वामनकाका आणि इंदूमावशी हे नवरा-बायको बूट करतात. काकांच्या वडिलांपासून लष्करातल्या लोकांचे बूट त्यांच्याकडे होतात. हिमालयात जाणारे अलीकडे यायला लागलेत. पुरुषांची मापं काका घेतात, बायकांची मावशी. दिवसभर चालून पाय फुगतो म्हणून माप फक्त संध्याकाळी. दोन जोड मोजे घालून पुठ्ठ्यावर उभं करतात, पेन्सिलीने दोन्ही पाय वेगवेगळे आखतात. मग एका उतरत्या फळीवर चढवून विचारतात, बोटं हलतात का? आतून मेंढीची लोकर, बाहेरून मेण चोळलेलं चामडं, जाड रबरी तळ. साडेआठशे रुपये, पंधरा दिवस.

"जोडवी घालूनच जाणार का तिकडं?" मावशींनी आईला विचारलं.

"नाय, काढून ठेवीन," आई म्हणाली.

"घालणार असाल तर आत्ताच सांगा. पुढून रुंद करते, मधे लोकर जास्त भरते. चांदी गार लागते हो, बोट आधी तिथंच गारठतं."

"नाय म्हटलं ना."

मावशींनी दोनदा विचारलं, आई दोनदा नाही म्हणाली. मापापुरती तिने जोडवी काढली, मुठीत घट्ट धरली आणि पाय पुठ्ठ्यावरून उचलल्याबरोबर परत घातली. मी ते बघितलं आणि काही विचारलं नाही. ही चूक माझी.

बूट मिळाले तेव्हा काकांनी बजावलं, रोज घरात तासभर घालून वावरा, चामडं पायाला ओळखू दे. मी नाशिकहून फोनवर विचारायचे तर आई "घालते की" म्हणायची. निघायच्या दिवशी चांदवडला घ्यायला गेले तर बूट कपाटावर खोक्यात, मधला कागदसुद्धा हललेला नाही. "घरात पायताण घालून कोण फिरतं?" हे वर मलाच.

नाशिक रोडहून दिल्ली, तिथून कालका, पुढे छोट्या गाडीने सिमला. छोट्या गाडीत उजव्या-डाव्या खिडकीचं फार मनावर घेऊ नका, दरी दोन्हीकडे आलटून पालटून येते. सिमल्याला एक मुक्काम करा, दम लागायचा थांबतो. बसस्टँडजवळ चारशेत गरम पाण्यासकट खोली मिळाली. आईने वहिनीने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस पुरवली, तिसऱ्या दिवशी राजमा-भात खाऊन म्हणाली, "आपल्या मटकीपेक्षा कमी नाय."

नारकंड्याची बस सकाळची धरा. अडीच-तीन तास लागतात. बाजारात उतरलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना गुडघाभर बर्फ होता. अण्णांनी सांगितलेली खूण अशी: बाजार संपला की वर जाणारा रस्ता, एक वळण, मग दुसरं, तिथे मोरी. मैलभरही नाही. पहिल्या वळणाआधीच आई लंगडायला लागली. विचारलं तर "बूट नवे हायेत." पुढे ती बोलेनाशी झाली, तेव्हा मी तिला हाताला धरून एका चहाच्या टपरीत शेगडीजवळ बसवलं आणि बूट काढला. दोन मोज्यांच्या आत जोडवं. बोट पुढून पांढरं पडलेलं, मागे काळं-निळं.

टपरीवाल्याने वाकून बघितलं. "माताजी, चांदी उतारो. नहीं तो उंगली जाएगी."

"नाय," आई मला म्हणाली. "ते तिथं पडून हायेत नि मी इथं जोडवी काढून बर्फात मिरवू? काय झालं त्यांना तर?"

म्हणजे हे होतं. मावशींना नाही म्हणाली ती, आजारपणाचा विषय परक्या घरात कशाला, म्हणून. मला रागही आला आणि रडूही. तिचं बोट दोन्ही हातांत धरून मी म्हटलं, "आपण परत जाऊ. मोरी राहू दे." तिने पाय सोडवून घेतला. इतक्या लांब येऊन मोरी न बघता त्यांना काय सांगायचं, हेही तिला पटेना. मग म्हणाली, "फोन लाव. त्यांनाच विचारते."

बाजारातल्या एसटीडीवरून घरी फोन लावला. भावाने अण्णांच्या कानाला रिसीव्हर धरला. आईने एका दमात सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "अहो, काढू का?"

अण्णांना शब्द जमवायला वेळ लागतो. मीटरवरचे आकडे पळत होते. मी आईच्या कानाला कान लावून उभी होते.

"काढ," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "मी काय... जोडव्यांवर... जगतो का?"

आई तोंडाला पदर लावून हसली की रडली, मला नीट कळलं नाही. तिने तिथेच बाकावर बसून दोन्ही जोडवी काढली, रुमालात गाठ मारली आणि कमरेला खोचली. परत टपरीवर येऊन अर्धा तास बोट हळूहळू शेकलं, रंग परत आला. चहाचे पैसे टपरीवाल्याने घेतले नाहीत. मग निघालो, आणि आता ती माझ्या पुढे चालत होती. जोडव्यांशिवाय बूट कसे बसतात ते मावशींना माहीत होतंच.

दुसऱ्या वळणावर देवदार होता. मोरी बर्फाखाली गेली होती. आईने बुटाच्या टोकाने बर्फ उकरून तिचा दगडी कठडा मोकळा केला.

"एवढीशी?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी तीस वर्षं डोकं खाल्लं माझं!"

आणि मग तिथून हलायलाच तयार होईना.

परतताना नाशिक रोडला उतरून आधी देवळालीला गेलो. मावशींनी बोट बघितलं, कपाळाला हात लावला आणि बूट ठेवून घेतले. "पुढून रुंद करून देते. आता तरी खरं बोलत जा." सांगायचं म्हणजे, माप देताना पायात जे घालणार ते सगळं सांगा, आणि का घालणार तेही सांगा. ते लोक ऐकून घेतात.

संध्याकाळच्या एसटीने चांदवड. येताना सिमल्याच्या गरम खोलीत मी आईला म्हटलं होतं, आता घाल जोडवी. तिने ऐकलं नव्हतं. घरी आल्यावर पाय धुऊन ती सरळ अण्णांच्या पलंगाशी गेली, रुमालाची गाठ सोडली आणि पाय पलंगाच्या कडेवर ठेवला. अण्णांनी डाव्या हाताने एक जोडवं उचललं. दोनदा खाली पडलं, मी उचलून दिलं. तिसऱ्यांदा बोटात गेलं. दुसऱ्या पायाचं बोट अजून सुजलेलं होतं, त्यात ते जाईना. बराच वेळ खटपट करून त्यांनी जोडवं उशाखाली ठेवलं.

"उद्या," अण्णा म्हणाले.

मग पलंगाखाली बोट दाखवून त्यांनी माझ्याकडे चेंडू मागितला.