आबांच्या कॅलऱ्या, मायचे उपास

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका दिवाळीला वजन उतरवायचं मनावर घेतलं आणि आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ते उतरवून दाखवलं. फक्त ते मायचं उतरलं. आबा होते तिथेच होते, उलट थोडे पुढेच सरकले होते.

सावद्याला आमची केळीची बाग होती. आबा दिल्लीला वॅगनी पाठवत आणि दिवसभर गादीवर बसून पाठवत. धोतराचा काष्टा खोचायला त्यांना भिंतीचा आधार लागे, पण ते कुणी बोलून दाखवत नसे, कारण आमच्याकडे बागाईतदाराचं पोट ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. मी धुळ्याहून दिवाळीला माहेरी आले होते, तेव्हा ते बागेच्या बांधावर धापा टाकत बसले ते उठेनात. चेहरा पांढरा पडला होता. माय त्यांना पदराने वारा घालत होती आणि देवांची नावं घेत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी त्यांना जळगावला नेलं.

डॉक्टर पुण्याकडचे होते, तरुण आणि फार स्वच्छ. त्यांनी आबांची छाती ऐकली, दंडाला पट्टा बांधला आणि सांगितलं, की चरबी हृदयावर आली आहे, वजन उतरवलं नाही तर धडगत नाही. मग एक छापील पुठ्ठा दिला. कुठल्या पदार्थात किती कॅलरी हे त्याच्यावर होतं. कॅलरी हा शब्द आमच्या घरात त्या दिवशी आला आणि जावई असल्यासारखा ठाण मांडून बसला.

"सगळं एकदम तोडू नका," डॉक्टर म्हणाले. "तोडलंत की चार दिवसांत कंटाळाल. आठवड्यातून एकदा आवडीचं खा, मनसोक्त खा. मात्र जेवढं जास्त खाल तेवढं तुमच्या पुढच्या-मागच्या जेवणातून कमी करा. मग काही बिघडत नाही."

यातलं 'मनसोक्त' आबांनी नीट ऐकलं. परतताना गाडीत ते म्हणाले, "मानूस शिकेल हाये, पन समजदार हाये." मायला त्यातलं 'धडगत नाही' एवढंच ऐकू आलं होतं. सावदा येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

पहिले सहा दिवस आबांनी खरोखर पाळलं. पुठ्ठा देवळीत टेकवून ठेवला, ताट आलं की आधी पुठ्ठ्याकडे बघायचं आणि मग घरातल्या सगळ्यांकडे, जणू त्यांच्या तोंडचा घास आम्हीच काढून घेतला होता. रविवारी मळ्यात भरीत झालं. आमच्याकडचं भरीत म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली ती हिरवी मोठी वांगी, लाकडी बडगीत ठेचलेली, वर मिरच्या, शेंगदाणे, कांद्याची पात आणि तेल असं की बोट बुडावं. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. आबांनी आठवड्याची कसर एका बैठकीत काढली. मग पानाला चुना लावत म्हणाले, "डाक्टरनं सांगेलच हाये."

सोमवारी कमी खायची पाळी आली. दुपारी अर्धी भाकरी आणि वरण खाऊन ते उठले, आणि तासाभरात घरातल्या प्रत्येक वस्तूवर डाफरू लागले. पाणी गरम का, दार उघडं का, गडी खोकतो का. शेवटी ते चुलीपाशी आले. माय रिकाम्या हाताने बसली होती.

"तू जेवली नाही?"

"सोमवार हाये ना."

"कोनासाठी धरते हा सोमवार?"

"असं काय इचारता? तुमच्यासाठीच."

लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. बायको दर सोमवारी आपल्यासाठी उपाशी राहते ही बातमी आबांना त्या दिवशी कळली. दुसरा कुणी असता तर त्याला थोडी लाज वाटली असती. आबांच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"मंग तं झालंच," ते म्हणाले. "मी भरीत खाल्लं, तू उपास केला. बरोबर झालं."

मला आधी थट्टाच वाटली. मी म्हटलं, "आबा, भूक तिची, पोट तिचं. तुमची चरबी कशी उतरंल?"

"उपासाचं पुन्य कोनाले लागते? मलेच ना? मंग कॅलरी काय पुन्यापेक्षा जड हाये?"

मी मॅट्रिकपर्यंत शिकले होते, पण या प्रश्नाचं उत्तर तिथे शिकवत नाहीत. मी मायकडे बघितलं. ती हसेल, निदान तोंड वाकडं करील असं मला वाटलं. ती म्हणाली, "जाऊ दे वं. तेवढ्यानं त्यांचा जीव वाचत असीन तं माह्यं काय बिघडलं?"

मला आबांचा आला त्याहून जास्त राग मायचा आला. असल्या बायकांनीच असले नवरे करून ठेवले आहेत, हे माझं मत तेव्हा बनलं आणि अजून बदललेलं नाही.

धुळ्याला परत गेल्यावर मी ही गंमत सासरी सांगितली. सासूबाई चुलीपुढून मान न वळवता म्हणाल्या, "तुना बाप मोठा हुशार शे." यजमान शाळेत गणित शिकवायचे. ते विचारात पडले आणि म्हणाले, "हिशेब चुकीचा आहे, पण त्यामागची भावना चांगली आहे." गणिताच्या मास्तराकडून हे ऐकल्यावर मी त्यांना पुढे काही सांगायचं सोडून दिलं.

हिवाळ्यात सावद्याकडचं कुणी धुळ्याला आलं की घरची खबर कळे. आबांना देवाधर्माचं वेड कधी नव्हतं, पण आता म्हणे त्यांच्या हातून पंचांग सुटत नव्हतं. सोमवार पुरेना तेव्हा त्यांनी मायला गुरुवार धरायला लावला. मग शनिवार आला, दोन्ही एकादश्या आल्या. संकष्टीला ते मायला घेऊन पद्मालयाच्या गणपतीला जायचे. माय निर्जळी दर्शन घ्यायची आणि आबा येता-जाता एरंडोलला जिलबी खायचे. आठवड्यातून एकदाचं आवडीचं खाणं आता जितके उपास तितक्या वेळा झालं होतं. गावात लोक कौतुक करत, की या वयात नवरा-बायकोचं असं एकविचाराने चालतं. आमच्या गावाला कौतुक करायला फारसं काही लागत नाही.

आखाजीला लेकी माहेरी येतात. मी आले तेव्हा माय दारात उभी होती आणि मी तिला क्षणभर ओळखलंच नाही. ती आधीही जाड नव्हती, पण भरलेली होती. आता गळ्याची हाडं वर आली होती. बांगड्या घसरून कोपरापर्यंत जात, म्हणून तिने मनगटावर दोरा गुंडाळून त्या अडवल्या होत्या. मी तिचा हात धरला तर तिने तो पदराआड घेतला.

"काय झालं वं माय?"

"काही नाही. उन्हाळा हाये."

आबा गादीवर होते, छान तुकतुकीत. मात्र त्यांची एक तक्रार होती. स्टेशनच्या मालधक्क्यावर, जिथे केळीचा माल मोजत, त्या काट्यावर ते अधूनमधून उभे राहायचे आणि वजन खाली येत नव्हतं. आधी त्यांनी काट्याला दोष दिला. हमालाने स्वतः चढून काटा बरोबर असल्याचं दाखवलं, तेव्हा त्यांना दुसरी शंका आली. ती त्यांनी मला आवाज खाली आणून सांगितली. लाजेने नव्हे, मायला ऐकू जाऊ नये म्हणून.

"तुही माय चोरून खात असीन. नाही तं माह्यं वजन उतरत कसं नाही?"

तेव्हापासून ते दुरडीतल्या भाकरी मोजायला लागले होते. जेवण झालं की उठायचे, दुरडीवरचं फडकं उचलायचे, बोटाने मोजायचे आणि मगच हात धुवायचे. माझ्यादेखत त्यांनी ते केलं. माय खाली बघून ताटं उचलत राहिली. मला त्या माणसाची किळस आली. बापाची किळस येऊ नये म्हणतात, पण मला आली आणि मी ती लपवली नाही. मी ताट अर्धं टाकून उठले. आबा म्हणाले, "तू बी उपास धरला का? बरं झालं."

त्या रात्री मी मनाशी ठरवलं, की परत जाण्याआधी मायला माझ्या डोळ्यांसमोर पोटभर जेवू घालायचं. बाकी मला काही नको होतं.

आखाजीच्या दिवशी मायने मांडे केले. मांडा म्हणजे आमची खापरावरची पुरणाची पोळी, हातांवर फिरवत वाढवायची आणि पालथ्या खापरावर अलगद टाकायची. ती ताटात मावत नाही, चार घड्या घालून वाढतात. सकाळपासून माय त्या धगीपुढे बसून होती. आबांनी आदल्या आठवड्यात तिच्याकडून जास्तीचे उपास करून घेतले होते, कारण आंब्याच्या रसाबरोबर एका मांड्यावर थांबायचा त्यांचा विचार नव्हता. मला ते अभिमानाने म्हणाले, "तुह्या मायनं आज बी नुसतं एक केळं खाल्लं हाये. माह्यासाठी."

पहिल्या मांड्याचा तुकडा, रस आणि तूप चुलीत टाकून पितरांना आगारी दिली. दुसरा मांडा आबांच्या ताटात आला. रस वाढला, तूप वाढलं. त्यांनी हात पुढे केला आणि मी ते ताट उचललं.

"हे काय?"

"काही नाही. आबा, चुलीत टाकलेली आगारी पितरांना पोचली ना?"

"पोचली."

"आन् मायचा उपास तुम्हाले पोचते ना?"

आबा सावध झाले, पण इतक्या महिन्यांचं बोलणं असं गिळता येईना. "पोचते," ते म्हणाले.

"मंग आज माय जेवंल. ते बी तुम्हालेच पोचंल. तुम्ही नुसते बसा."

"डाक्टरनं असं नाही सांगेल."

"मायनं उपास कराचा असं बी नव्हतं सांगेल."

मी ताट मायपुढे ठेवलं. ती घाबरली. "त्यांच्या आधी कशी खाऊ वं? सनाचा दिवस हाये."

"नवऱ्यासाठी धरते ना? मंग नवऱ्यासाठी सोड," मी म्हटलं आणि तिला बाजूला सारून खापरापुढे स्वतः बसले. तिने आबांकडे बघितलं. मग तिने एक लहानसा तुकडा मोडला, रसात बुडवला आणि तोंडात घातला.

दुसरा तुकडा मोठा होता. त्यानंतर तिने वर बघितलं नाही. रस मनगटावरून ओघळून त्या दोऱ्यात जिरत होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. मी सुरुवातीला हसत होते, बापाची चांगली जिरवली म्हणून खुशीत होते. मांडा संपला तसा मी दुसरा वाढला. तोही ती तशीच खात गेली, घाईघाईने, कुणी ताट ओढून नेईल अशा भीतीने. मग माझं हसू थांबलं. मायला मी जेवताना कधी नीट पाहिलंच नव्हतं. ती सगळ्यांच्या मागून, चुलीकडे तोंड करून जेवायची. आता ती उजेडात बसली होती आणि तिची भूक सगळ्यांना दिसत होती.

आबाही बघत होते. त्यांची नजर पहिल्यांदाच तिच्या हातावर, त्या दोऱ्यावर गेली आणि तिथेच राहिली. चिडल्यासारख्या आवाजात ते म्हणाले, "एवढी भूक व्हती तं सांगाचं ना."

मायने हातातला घास खाल्ला. मान वर केली नाही.

"मोजत तं तुम्ही व्हते," ती म्हणाली.

आबांनी त्या दिवशी मांडा मागितला नाही. एवढंच केलं त्यांनी. आमच्या घरात कुठल्या पुरुषाने बायकोसाठी याहून जास्त काही केल्याचं मला आठवत नाही.