गाणं बंद होतं

हे वैशालीलाही माहीत नाही. बायको आहे ती माझी, माझं खोटं ती जेवणाच्या ताटावर बसल्या बसल्या पकडते. पण हे तिला कधी दिसलं नाही. कोणालाच दिसलं नाही. दिसण्यासारखं त्यात होतंच काय? एक माणूस गॅलरीत खुर्ची टाकून गाणं ऐकत बसलाय — एवढंच दिसायचं.

मी जळगावला पाइपच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर यंत्रांची घरघर, आणि संध्याकाळी गाणं. एका मित्राने त्याचे जुने हेडफोन मला दिले होते, मोठे, कान पूर्ण झाकणारे. मोबाइलला लावले की आवाज मात्र शेजारच्या घरातून आल्यासारखा यायचा. मोबाइलला तेवढा जोर नसतो. मधे छोटा अ‍ॅम्प्लिफायर लागतो, बॅटरीवर चालणारा, खिशात मावणारा. तयार मिळतो, पण मी म्हटलं, आपणच करू.

त्याच सुमारास नाना, म्हणजे माझे वडील, सोनगीरहून आमच्याकडे राहायला आले होते. आई गेल्यावर त्यांना तिथे एकटं ठेवणं बरं वाटेना. शेती बटाईने कसायला दिली आणि त्यांना घेऊन आलो. ते यायला तयार नव्हते. मी आग्रह केला. आग्रह करणारा मीच होतो, हे आधीच सांगून ठेवतो.

अ‍ॅम्प्लिफायर करताना मला नाना लागले. खरंच लागले. बोटाच्या पेराएवढी चिप, तिचे केसासारखे पाय, आणि माझा हात सोल्डरिंग करताना थरथरायचा. नाना समोर बसून पक्कडीत सर्किट धरायचे, अगदी स्थिर. धूर डोळ्यांत गेला तरी हलायचे नाहीत. पहिल्यांदा जोडलं तेव्हा नुसता गुणगुणाट. एक तार चुकीच्या जागी बसली होती. ती उकलली, परत जोडली. डबी कशाची करायची, तर नानांनी तपकिरीची पत्र्याची डबी रिकामी केली, राखेने घासली, पुसून माझ्यापुढे ठेवली. तपकीर त्या दिवसापासून कागदात.

आवाज नीट आला तेव्हा हेडफोन मी आधी त्यांच्या कानावर ठेवले. भक्तिगीतांचं एक जुनं रेकॉर्डिंग होतं मोबाइलमध्ये. नानांनी डोळे मिटले. मग हेडफोन काढून म्हणाले, "गानारना श्वास बी ऐकू येस." गाणारा मधे श्वास घेतो तोही ऐकू येतो. इतके खूश मी त्यांना आई गेल्यापासून पाहिले नव्हते.

इथपर्यंत सगळं चांगलंच आहे, नाही का? इथेच थांबावंसं वाटतं.

नाना दिवसभर घरात एकटे. वैशाली शाळेत शिकवायला, मी कारखान्यात. संध्याकाळी मी दारातून आत आलो की त्यांचं सुरू व्हायचं — आज नळाला पाणी कमी होतं, खालचा वॉचमन शिरपूरकडचा आहे, लिफ्ट मधेच थांबली. मला नकोसं व्हायचं. दमलेलो असायचो, हे कारण मी त्या वेळी स्वतःला दिलं होतं. मी हेडफोन लावायचो. आणि नाना लगेच गप्प. वैशालीलाही बजावायचे, "त्याले हाक मारू नका, गाणं ऐकी ऱ्हायना तो." त्यांच्या हातांनी धरलेल्या वस्तूतून मुलगा गाणं ऐकतोय, याचंच त्यांना कौतुक.

गाणं बऱ्याचदा बंद असायचं.

आधी एकदा बॅटरी संपली, तेव्हा उठायचा कंटाळा केला आणि तसाच बसलो. मग लक्षात आलं, बंद हेडफोनही तेच काम करतात. कुणी बोलत नाही. बाहेरचं मात्र सगळं ऐकू येतं, थोडं दबून. 

अशाच एका संध्याकाळी नाना शेजारी येऊन बसले आणि बोलायला लागले. माझ्याकडे बघून नाही. समोर रस्त्याकडे बघून, हळू आवाजात. मला ऐकू येत नाही, या खात्रीने.

वॉचमनचं, नळाचं नाही बोलले. म्हणाले, तुझी आई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायची तेव्हा तिच्या बांगड्यांचा आवाज यायचा, तो आता आठवून आणावा लागतो. म्हणाले, परवा फिरायला गेलो आणि घराचा रस्ताच सापडेना. एका रिक्षावाल्याने आणून सोडलं, तुम्हाला सांगितलं नाही. म्हणाले, तू लहान असताना तुला एकदा फार मारलं होतं, ते अजून आठवतं. हे माझे वडील. आयुष्यभर ज्यांनी मला पाऊस-पेरणी आणि परीक्षेचे मार्क यांपलीकडे काही विचारलं नव्हतं.

मी काय करायला हवं होतं? हेडफोन काढून त्यांचा हात धरायचा. मी हललो नाही. हललो तर ते थांबले असते, कायमचे. आणि मला — हे लिहायला जड जातंय — मला ते हवं होतं. रोज हवं होतं. कारखान्यातून घरी यायची मला ओढ लागली. यायचं, हेडफोन चढवायचे, गाणं लावायचं नाही आणि वाट बघायची. ते आले की मी पायाने ताल धरायचो, त्यांना शंका येऊ नये म्हणून.

आता आबांचं सांगायला हवं. आबा म्हणजे नानांचे थोरले भाऊ, सोनगीरलाच असायचे. दोघांची सामाईक बैलजोडी आबांनी एका वर्षी न विचारता विकली. नाना चारचौघांत म्हणाले, तुझ्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही. आईच्या दहाव्यालाही दोघे एकमेकांशी बोलले नव्हते.

आबांच्या मुलाचा मला फोन आला — आबा अंथरुणाला खिळलेत, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. रात्रीच्या जेवणात मी नानांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि जेवत राहिले. वैशालीने माझ्याकडे पाहिलं. जायचं नाही त्यांना, असं आम्ही समजलो.

दुसऱ्या दिवशी गॅलरीत ते माझ्या शेजारी बसले. तपकिरीची पुडी उघडली, परत बांधली. मग म्हणाले, "माले आबाले एकदाव देखनं शे. पन पोऱ्याले कसं सांगू?" आबाला एकदा बघायचं आहे, पण मुलाला कसं सांगू. पुढे म्हणाले, मीच इतकी वर्षं त्याच्या दारात जाणार नाही म्हणत आलो, आता कोणत्या तोंडाने म्हणू, मला तिकडे ने?

मी ते ऐकलं. शब्दन् शब्द.

मला काहीही कबूल करावं लागणार नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. जेवताना सहज म्हणायचं, नाना, रविवारी सोनगीरला जाऊन येऊ, घराकडे बघायला हवं. एवढ्याने झालं असतं. गाडी होती, रस्ता चांगला आहे. मी का नाही म्हटलं? त्यांना संशय येईल, आणि मग ते माझ्या शेजारी बसून बोलायचे थांबतील — याची भीती. पुढच्या आठवड्यात म्हणू, असं करत राहिलो. त्याच दिवसांत कारखान्याच्या कामाला धुळ्याला जाऊन आलो, गाडीत एकटाच. धुळ्याहून सोनगीर अर्ध्या तासावर. संध्याकाळी परत आलो आणि हेडफोन लावून बसलो. नाना परत तेच बोलले.  

आबा गेले. फोन आल्यावर मी नानांना घेऊन निघालो. पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. नाना आबांच्या पायाशी बसले आणि दोन्ही हातांनी ते पाय दाबत राहिले, शेतातून दमून आलेल्या माणसाचे दाबावेत तसे. त्यांना उठवायला दोघे लागले.

जळगावला परतल्यावर मी पुन्हा गॅलरीत बसलो, हेडफोन लावून. का लावले? ते काय बोलतात हे मला ऐकायचं होतं. तेव्हाही.

नाना आले. बसले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, जे ते कधी करत नसत. म्हणाले, "तुले सांगं ऱ्हातं ते तू माले लई जाता. मीच सांगं नही. मनीच चूक शे." तुला सांगितलं असतं तर तू मला नेलं असतंस. माझंच चुकलं.

मी समोर बघत मान हलवत राहिलो, नसलेल्या गाण्याच्या तालावर.

त्यानंतर नाना वर्षभर होते. शेजारी येऊन बसायचे, पण बोलायचे नाहीत. चूक आपलीच होती, असं समजून ते गेले. मी त्यांना तसं समजू दिलं.