धुक्यात लागलेलं स्टेशन

दाट धुकं पडलं, की मला वरुडची एक सकाळ आठवते. लग्न होऊन तेलंगणातून आले, त्या हिवाळ्यातली. संत्र्याच्या बागेत सासऱ्यांचा रेडिओ खरखरत होता आणि अचानक त्यातून तेलुगू गाणं आलं. माझे हात थांबले. सासऱ्यांनी एरियल धरली, तसा आवाज स्वच्छ झाला. सोडली, की गेला. "धुक्यात दूरचं टेशन लागते कधी कधी. आयक पोरी," म्हणत ते एरियल धरून उभे राहिले. त्यांना एक शब्द कळत नव्हता. ऊन चढलं, धुकं विरलं, गाणं खरखरीत बुडालं, तरी त्यांचा हात तिथंच. "थांब, अजून येईन ते." आता मोबाइलवर तेलुगू गाणी केव्हाही लागतात. पण माहेरची आठवण आली, की डोळ्यांपुढे सासऱ्यांचा तो हात येतो.